शिष्यवृत्ती आणि उचल

कळंबला रस्ते येऊन मिळतात. एक नेरळ स्टेशनाहून वर येतो, दुसरा कर्जतहून कडाव-काशेळे करत येतो आणि तोच पुढे मुरबाडकडे निघून जातो. पूर्वेला भीमाशंकरच्या डोंगरांची भिंत, तिच्या पायथ्याशी ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे, आणि गावात शासकीय आश्रमशाळा. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्प, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. इथल्या मुलाची पहिली पायरी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाची, दुसरी ठाणे विभागाची. एकेक पायरी चढली की घर तेवढं लांब जातं. दादर-परळच्या मुलाला कबड्डी खेळायला घर सोडावं लागत नाही. मैदान त्याच्या गल्लीच्या तोंडाशी असतं. कळंबच्या मुलाला खेळाडू व्हायचं तर आधी निघावं लागतं. त्यामुळे विद्यार्थी-खेळाडूने कॉलेज बदलावं की नाही, बदललं तर त्याच्या शिष्यवृत्तीचं काय करावं, हा शहरात किरकोळ वाटणारा प्रश्न इथे एखाद्याचं सगळं पुढचं आयुष्य ठरवू शकतो.

प्रश्न असा: ज्या संस्थेने मुलाला पैसे दिले, राहायला जागा दिली, खेळायला मैदान दिलं, त्या संस्थेला त्याच्या जाण्यावर किती हक्क पोचतो? अमेरिकेत या प्रश्नावर अर्धशतक वाद चालला आहे आणि तो न्यायालयांपर्यंत गेला आहे. आपल्याकडे तो बहुधा जिमखान्याच्या खोलीत, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात मिटवला जातो. मिटवला जातो म्हणजे मुलगा गप्प बसतो.

समजा, कळंबजवळच्या एका पाड्यावरची मुलगी आहे. आश्रमशाळेत शिकली, बारावी झाली, कर्जतच्या कॉलेजात एफवायला आहे, चढाई उत्तम करते. अनुसूचित जमातीची म्हणून तिला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तिला दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी पाहिलं आणि विचारलं, ‘आमच्याकडे येतेस का? मॅट आहे, कोच आहे, राहायची सोय बघू.’ ते कॉलेज मुंबईत असेल तर विद्यापीठ तेच राहतं, कारण मुंबई विद्यापीठाची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते. पुण्यात असेल तर विद्यापीठ बदलतं, मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. गंमत अशी की कर्जत स्टेशनाहून रेल्वेने मुंबई शंभर किलोमीटर आणि पुणे त्याहून थोडं कमीच. घाट मात्र विद्यापीठांची सीमा झाला आहे.

आता त्या शिष्यवृत्तीची अट पाहा. राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा विषय बदलला किंवा शिक्षणसंस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. संस्थाप्रमुखाने ते कळवायचं, पैसे थांबवायचे; आणि आधी दिलेली रक्कमही शासनाला वाटल्यास वसूल करता येते. ही अट कुणा खेळाडूसाठी केलेली नाही. ती सगळ्या विद्यार्थ्यांना आहे आणि तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे: एकाच मुलाच्या नावावर दोन कॉलेजांनी पैसे उचलू नयेत. असे प्रकार झालेही आहेत. पण घोटाळा करतात संस्था, आणि अट बसली विद्यार्थ्याच्या डोक्यावर. पूर्वपरवानगी हा शब्द मंत्रालयातल्या माणसाला जेवढा हलका वाटतो तेवढा पाड्यावरच्या मुलीला वाटत नाही. अर्ज कुणाकडे करायचा, त्यावर सही कोण करणार, ती सही होईपर्यंत नव्या कॉलेजातली प्रवेशाची तारीख थांबणार का, हे तिला सांगणारं घरात कुणी नसतं. ती विचारायला जाते ते ज्या कॉलेजातून जायचं त्याच कॉलेजात. तिथे तिला ‘आमची खेळाडू’ म्हणतात. कॉलेजच्या मूल्यांकनात खेळातल्या पदकांनाही जागा असते, हे तिला ठाऊक नसतं.

कर्जतच्या आसपासच्या या तालुक्यांना पैसे घेतल्यावर जाता येत नाही हा व्यवहार नवा नाही. कातकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याच्या तोंडी शेठकडून उचल घेत आली. दिवाळीनंतर त्या उचलीपोटी कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर गेली. हंगाम संपला तरी हिशोब संपायचा नाही, आणि हिशोब संपला नाही तर दुसऱ्या भट्टीवर जायची सोय नाही. 1976 साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठबिगारीची व्याख्या करताना नुसत्या सक्तीच्या कामावर बोट ठेवलं नाही. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाने दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य गमावणं आणि देशात मोकळेपणाने फिरण्याचा हक्क गमावणं, हेही त्या व्याख्येत आणलं. कायदा लिहिणाऱ्यांना पैशाचं हे रूप नेमकं कळलं होतं.

शिष्यवृत्ती म्हणजे वेठबिगारी, असं मी म्हणत नाही. शिष्यवृत्तीने मुलगी शिकते, मोठी होते. उचलीने माणूस झिजतो. हा फरक फार मोठा आहे आणि तो पुसला तर ज्यांनी खरी वेठ सोसली त्यांच्यावर अन्याय होईल. पण दोन्ही व्यवहारांत एक वाक्य सारखं आहे: पैसे घेतलेस, आता जाता येणार नाही. ज्या घराने आजोबांच्या काळात हे वाक्य शेठच्या तोंडून ऐकलं, त्या घरातल्या पहिल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तेच वाक्य सरकारी नियमातून ऐकावं, हे मला सहन होत नाही.

दात्याच्या हक्काचा विचार करताना मराठी माणसाला एका शिष्यवृत्तीजवळ थांबावंच लागतं. 1913 च्या जूनमध्ये बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. बडोद्याचे महाराज सयाजीरावांचं मोठेपण कुणी नाकारणार नाही. आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात बी. ए. करत असतानाही त्यांनीच महिना पंचवीस रुपये दिले होते. 1916 मध्ये आंबेडकर कोलंबियाहून लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 मध्ये अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावं लागलं, आणि कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजूही झाले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. काही दिवसांतच त्यांनी बडोदा सोडलं.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. मला त्यात करारांच्या स्वभावाबद्दलही काही दिसतं. घेणाऱ्याने काय द्यायचं ते वर्षांच्या हिशोबात लिहिलेलं होतं. देणाऱ्याच्या राज्यात त्या माणसाला माणसासारखं राहता येईल, याची हमी कुठेच नव्हती. दहा वर्षांची अट मोडली ती आंबेडकरांनी, असं कागद म्हणेल. खरं पाहता ती बडोदा शहराने मोडली. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या पाच हजारांच्या कर्जावर. अर्धा राहिलेला अभ्यास त्या मदतीवर पुरा झाला आणि 1923 मध्ये लंडनची डी. एस्सी. मिळाली.

एका बाजूची कर्तव्यं वर्षं मोजून लिहायची आणि दुसऱ्या बाजूची सद्भावनेवर सोडायची, हा दोष अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांत इतका उघडा पडला की तो अभ्यासावा. तिथे खेळाडूंना कॉलेजं शिष्यवृत्ती देतात: फी, राहणं, जेवण. पूर्वी ती चार वर्षांची देता येत असे. 1973 मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, ती एकेका वर्षाची केली. दर वर्षी नूतनीकरण. प्रशिक्षकाला खेळाडू नको झाला तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती बंद. म्हणजे कॉलेजची बांधिलकी एका वर्षाची. खेळाडूची मात्र तेवढी नव्हती. अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेला की त्याने वर्षभर सामना खेळायचा नाही. आणि जुन्या कॉलेजने परवानगी नाकारली, तर नव्या कॉलेजला पहिल्या वर्षी त्याला क्रीडा शिष्यवृत्तीही देता येत नसे. प्रशिक्षक मात्र करार अर्धा टाकून दुसऱ्या कॉलेजात जायचा आणि पुढच्याच हंगामात तिथे उभा राहायचा. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मुलगा त्या कॉलेजात आला होता, तो माणूस निघून गेला तरी मुलाने तिथेच राहायचं.

बेकर मेफिल्ड या अमेरिकन फुटबॉलपटूची गोष्ट यात बोलकी आहे. टेक्सास टेक विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय खेळत होता. स्वतःच्या घरचे पैसे भरून. 2014 मध्ये तो ओक्लाहोमाला गेला, तर एक वर्ष बसवला गेला, आणि दोन्ही विद्यापीठं एकाच गटातली म्हणून खेळण्याच्या चार वर्षांपैकी एक वर्षही कापलं गेलं. ज्याला काही दिलंच नव्हतं त्याच्याकडूनही वसुली! पुढे 2016 च्या जूनमध्ये गटाने शिष्यवृत्ती न मिळालेल्या खेळाडूंपुरता नियम बदलला, त्याला ते वर्ष परत मिळालं, आणि 2017 चा सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूचा हाइस्मन करंडक त्याने जिंकला. आपल्याला प्रसिद्ध माणसाची गोष्ट कळते कारण तो परत आला. ज्यांचं वर्ष गेलं आणि जे परत आले नाहीत त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये परवानगीची अट गेली. 2021 मध्ये एकदा विनाअट बदलीची मुभा आली. 2023 च्या डिसेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायाधीशांनी एक वर्ष बसवण्याच्या नियमाला स्थगिती दिली आणि 2024 च्या एप्रिलमध्ये संघटनेने अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदलीची वाट मोकळी केली. पन्नास वर्षं जे नियम खेळाचा पाया म्हणून सांगितले गेले, ते सहा वर्षांत गेले.

त्यातून सगळं गोड झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दर हंगामाला संघ विस्कटतात. बदलीसाठी नाव नोंदवणाऱ्या बऱ्याच जणांना नवं कॉलेज मिळत नाही आणि जुनी शिष्यवृत्ती हातची जाते. नामवंतांच्या मागे पैसा धावतो आणि मधल्या फळीतला मुलगा दोन्हीकडून सुटतो. म्हणून नुसती वाट मोकळी करणं पुरत नाही. वाटेवर असताना पोटाला कोण देणार, हेही ठरवावं लागतं. अमेरिकन मुलामागे बहुधा एक घर असतं. आपल्या त्या मुलीच्या घरी उन्हाळ्यात कुणी नसतं. सगळे भट्टीवर असतात.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडे मुलांच्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. 1872 च्या करार कायद्याचं सत्ताविसावं कलम व्यवसायाला अटकाव करणारा करार निरर्थक ठरवतं. आणि 1903 च्या मोहोरी बीबी खटल्यापासून अल्पवयीनाशी केलेला करार मुळातूनच शून्य मानला जातो. अकरावीला क्रीडा कोट्यातून येणारं मूल सोळा वर्षांचं असतं. ‘दोन वर्षं याच संस्थेकडून खेळेन’ अशा हमीपत्रावर त्याची सही घेतली, तरी त्या कागदाला न्यायालयात फारशी किंमत नाही. पण तो कागद न्यायालयासाठी नसतोच. तो त्या मुलाला घाबरवण्यासाठी असतो, आणि त्या कामी तो पुरेसा असतो.

कुणी म्हणेल, डॉक्टरांकडून बंधपत्र घेतातच की. घेतात; आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर डॉक्टरांवरची सक्तीच्या सेवेची बंधपत्रं वैध ठरवली. मला तो निर्णय पटतो. कळंबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नसेल तर काय होतं हे या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण तिथे समाजाने खर्च केला आणि सेवा समाजाला परत मिळते. खेळाडूच्या बाबतीत बंधन कुणाच्या फायद्याचं? कर्जतहून खेळणारी मुलगी दादरहून खेळायला लागली तर महाराष्ट्राचं काय गेलं? गेला असेल तो एका कॉलेजच्या कपाटातला पुढच्या वर्षीचा एक करंडक. आणि सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे तर त्या कॉलेजचे नव्हतेच. ते त्या मुलीच्या वाट्याचे पैसे आहेत, कॉलेजच्या दारातून तिच्यापर्यंत पोचलेले.

शिकण्यासाठी जागा बदलणं ही आपल्या परंपरेत बेइमानी कधीच नव्हती. गवई भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडून तालीम घेतली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी तीन घराणी एका गळ्यात आली. घराण्यांच्या भिंती तेव्हा आजच्या कुठल्याही क्रीडा संघटनेच्या नियमांपेक्षा उंच होत्या. दुसऱ्याचं गाणं ऐकायलासुद्धा मनाई करणारे उस्ताद होते. तरीही बुवा फिरले, आणि त्यांच्याकडून बालगंधर्वांना, मास्टर कृष्णरावांना जे मिळालं ते एका घराण्याच्या अंगणात थांबून मिळालं नसतं. खेळाडूचंही तसंच आहे. एक सर पाय शिकवतात, दुसरे डाव शिकवतात, तिसरे हरल्यावर कसं उभं राहायचं ते शिकवतात.

पण गाण्यात एक रीत होती. गुरूचं नाव घेताना हात कानाच्या पाळीला जायचा. तालीम कुणाची, हे लपवलं जात नसे. खेळात ही रीत हरवली आहे, आणि इथे मला दुसऱ्या बाजूचं दुःख खरं वाटतं. ज्या सरांनी आश्रमशाळेच्या खडबडीत पटांगणावर या मुलीला पहिल्यांदा पाहिलं, स्वतःच्या पैशांनी बूट घेऊन दिले, पेणच्या स्पर्धेला नेताना तिच्या बापाला समजावलं, त्यांच्या हातात शेवटी काय राहतं? ती दोन वर्षांनी मुंबईच्या कॉलेजकडून खेळते, वर्तमानपत्रात त्या कॉलेजचं नाव येतं. कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांनी दर वर्षी मुलं घडवायची आणि मोठ्या कॉलेजांनी दर वर्षी ती उचलून न्यायची, हा व्यवहार न्याय्य नाही. लहान कॉलेजचा संताप खोटा नाही. चूक एवढीच, की तो संताप सगळ्यात दुबळ्या माणसावर निघतो. घेऊन गेलं ते मोठं कॉलेज, दाखला अडतो तो मुलीचा.

ऋण आहे. ते फेडायचं कुणी, हा प्रश्न आहे. फुटबॉलमध्ये याचं उत्तर शोधलं गेलं. 1995 च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या बाजूने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूला जुना क्लब पैशासाठी अडवू शकत नाही. लहान क्लब घाबरले. आता मुलं घडवायची कुणी आणि कशाला? त्यातून 2001 मध्ये फिफाने नियम केले. खेळाडू करार चालू असताना मोठ्या रकमेला दुसऱ्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस या वयात जिथे जिथे शिकला त्या सगळ्या क्लबांना वाटून द्यायचे. खेळाडू मोकळा, आणि गल्लीतला क्लबही रिकाम्या हाताचा नाही. देणं संस्थेचं संस्थेला. यात मुलाच्या खिशाला हात लागत नाही आणि त्याच्या पायात दोरीही पडत नाही.

आपल्या कॉलेज-कबड्डीत बदलीची रक्कम नसते, त्यामुळे पाच टक्के कशाचे काढणार असं कुणी विचारेल. पैशांखेरीज देण्यासारखं पुष्कळ आहे. विद्यापीठाच्या स्पर्धांत कॉलेजांना गुण मिळतात. बदलून आलेल्या खेळाडूच्या पदकाचे काही गुण तिच्या आधीच्या कॉलेजच्या आणि आश्रमशाळेच्या नावावर नोंदता येतील. मोठ्या कॉलेजने दोन मोसम वापरलेली मॅट कर्जतला द्यावी, असा नियमही करता येईल. प्रमाणपत्रावर पहिल्या मार्गदर्शकाचं नाव छापायला तर काहीच खर्च नाही. सरांना यातलं शेवटचंच सगळ्यात मोलाचं वाटेल असा माझा समज आहे.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण मला वारंवार आठवतं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यातून आलेले पैसे खर्डेकरांना दिले, आणि घर सुटलं. ऋण फेडलं गेलं ते आधी जाऊ दिल्यामुळे. हेलसिंकीला पोचलेच नसते तर फेडायला त्यांच्याजवळ काय असतं?

पैशांचे दोन भाग, मुलाच्या हातचा आणि संस्थेच्या खर्चाचा, वेगळे करणंही अवघड नाही. सरकारने ते एका ठिकाणी केलेलं आहे. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला 6 लाख 28 हजार रुपये धरलेले असतात. त्यातले 1 लाख 20 हजार, म्हणजे महिना दहा हजार, खेळाडूच्या हातखर्चाचे. बाकीचे प्रशिक्षण, निवास, आहार, स्पर्धा यांवर. अकादमी बदलली तर दुसऱ्या भागाचा हिशोब संस्थांनी आपापसांत करावा. पहिला भाग मुलाच्या मागोमाग जायला हवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाहभत्ता हा याच पहिल्या जातीचा पैसा आहे. तो जेवणाचा, खोलीचा, प्रवासाचा पैसा आहे. कर्जतला भूक लागते तशी दादरलाही लागते.

यात कायद्याची एक विचित्र कमान दिसते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने आठवीपर्यंतच्या मुलाला कुठल्याही कारणाने दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये कॉलेजांना मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटची बँक आली. एका संस्थेत मिळवलेली क्रेडिट्स दुसऱ्या संस्थेत नेता येतात. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला जायचा हक्क आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचे कागद जाऊ शकतात, गुणही जाऊ शकतात. थांबतो तो फक्त तिचा भत्ता. मतदानाचा हक्क असलेल्या नागरिकाला आपण कॉलेज निवडायची बुद्धी आहे असं मानतो आणि ते बदलायची नाही असं मानतो.

बंधन अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. एका मोसमात दोन कॉलेजांकडून खेळू नये. सामने सुरू झाल्यावर संघ बदलू नये. ही बंधनं खेळाची आहेत, आणि ती खेळाडूइतकीच मार्गदर्शकालाही लागू व्हावीत. पण पुरं वर्ष बसवणं ही शिक्षा आहे. अमेरिकेत चार मोसम खेळायला पाच वर्षं मिळत होती, म्हणून तिथे एक वर्ष बसणं कसंबसं सोसता येई. आपल्याकडे पदवी तीन वर्षांची; त्यातलं एक गेलं तर तिसरा हिस्सा गेला. आणि मुलीच्या बाबतीत ते वर्ष नुसतं खेळाचं नसतं. ती खेळत असते तोवर घरी तिच्या लग्नाचा विषय लांबतो. ‘यंदा सामने नाहीत’ असं एकदा घरी कळलं की पुढच्या वर्षीचे सामने येतीलच असं नाही.

कॉलेज काय देणार आहे, तेही लिहून घ्यायला हवं. मार्गदर्शक असेल, मैदान असेल, सामन्यांना जाण्याचा खर्च मिळेल, दुखापत झाली तर उपचार होतील आणि शिष्यवृत्ती थांबणार नाही. यातलं काही मिळालं नाही तर विद्यार्थिनीला मोसमाच्या मध्येही जायची मुभा असावी. बडोद्याच्या करारात राहिलेली दुसरी बाजू ती हीच.

आणि पूर्वपरवानगीचं काय? महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्याखाली अधिसूचित होतं, न दिल्यास अपील करता येतं, आणि जबाबदार अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीधारकाने संस्था बदलण्याची परवानगी ही त्या यादीत घालावी, पंधरा दिवसांची मुदत ठेवावी, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. अर्ज जुन्या कॉलेजमार्फत जाऊ नये. मुलीने तो महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरावा आणि पेणच्या प्रकल्प कार्यालयात तो थेट दिसावा. दोन्ही कॉलेजांत तिचं नाव एकाच वेळी चालू नाही एवढं संगणक एका क्षणात तपासतो. घोटाळ्याची भीती तेवढ्याने मिटते. प्रवेश जून-जुलैत होतात आणि कॉलेजांचे सामने त्यानंतर. नेरळहून मुंबईची लोकल धरायची की कर्जतहून घाट चढणारी गाडी, हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत बसून ठरवावं.